दाढीच्या पिशवीतली बाटली

— नाही वन्सं, आत नका जाऊ अजून, तुमच्या भावाचा डोळा आत्ताच लागलाय. बसा इथं बाकावर. फळं राहू देत तिकडं. मांडीत रक्त साकळलंय, ही एवढी सूज — आणि कशानं? कपाटाचं दार लागलं, बस्. पण यांना रक्त पातळ व्हायची गोळी आहे ना, हृदयाची झडप बदलल्यापासून. ती मीच देते, खणाखणांच्या डबीतून, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, कधी चुकले नाही. तरी हल्ली दाढी करताना जरा कापलं की टॉवेल लाल, दात घासले की बेसिन लाल. डॉक्टर मला म्हणाले, बाई, गोळी चुकून दुप्पट तर जात नाही ना? म्हटलं, माझ्या मुलाची शपथ. तर त्याच मुलानं डबी माझ्या हातातून काढून घेतली — आई, आता मी बघतो. आणि हे समोर पलंगावर बसून ऐकत होते.

मग काल यांचं दाढीचं सामान आणायला घरी गेले, तर पिशवीच्या तळाशी ही बाटली. ओळखलीत ना? तुमच्या पार्लरमधलीच आहे. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल, टाचणीनं फोडून बायकांच्या तोंडाला चोळता, त्याच. भावाला म्हणालात, हृदयाला चांगल्या, रोज दोन घे, तिला सांगू नकोस, उगाच कटकट करील — नाही म्हणू नका, यांनीच सांगितलंय. तुम्हाला वाटलं, तोंडाला चालतं ते पोटाला का नाही चालणार. वाईट हेतू नव्हता, कळतं मला. पण डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या गोळीबरोबर इतक्या जास्त ताकदीच्या दोन-दोन घेतल्या, की रक्त थांबायचं नाव घेत नाही. आणि हृदयाला फायदा म्हणाल, तर तोही सिद्ध झालेला नाही म्हणे. तेलही गेलं नि तूपही गेलं.

पण मला ते टोचत नाही. काय टोचतं — जाऊ दे. नाही, सांगतेच. डॉक्टरांनी बाटली यांच्यासमोर धरली, ही कुणी दिली? यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, हिनंच आणली असेल. मी शेजारीच उभी होते हो, यांचा टॉवेल हातात घेऊन. मुलगाही तिथंच होता. सगळे गेल्यावर मग रडले, सगळं बोलले, वर मलाच म्हणतात, ताईचं नाव घेऊ नकोस, तिचं गिऱ्हाईक तुटेल. आणि माझं काय? मी काय, घरचीच. इतकी वर्षं याच माणसाची झोप मोडू नये म्हणून मी अंधारात चाचपडत चहा केला.

आता डॉक्टर फेरीला येतील, मुलगाही येईल बरोबर. तुम्ही एवढंच म्हणा, मी दिल्या होत्या. पार्लरबिर्लरचं कुणी विचारणार नाही. तुमच्याशी भांडायचंय कुणाला? मला माझी डबी परत हवीय, बाकी काही नको. म्हणाल ना?

ते बघा, आलेच.

वन्सं.

भिंतीकडे काय बघताय?

बरं. जा तुम्ही. आणि ती फळं घेऊन जा.