चंपतरावांचा उपास आणि एक बाटली रक्त

जबाब, दि. १५ मार्च १९७८

शामला जौजे ताराचंद गजभिये, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (इस्पितळाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ), रा. इंदोरा, नागपूर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी सोळा वर्षांपासून रक्त काढण्याचे काम करते. आजवर माझ्याविरुद्ध तक्रारी झाल्या त्या सुई जोरात टोचल्याच्या. माणसाला कोंडून जेवू घातल्याची ही पहिलीच.

दि. १३ रोजी दुपारी कन्हानजवळ लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो उलटला. जखमींपैकी सात जण आमच्याकडे आले. त्यांत रामटेककडच्या गोपिका देवराव भोयर, वय २३, यांचे रक्त ओ निगेटिव्ह निघाले. हा गट फार थोड्या लोकांचा असतो. आमच्याकडच्या दोन्ही बाटल्या संध्याकाळपर्यंत त्यांना लागल्या. दि. १४ ला सकाळी डॉक्टरांनी सांगितले की, दुपारी एकपर्यंत आणखी एक बाटली आली तरच ऑपरेशन करता येईल, आणि ऑपरेशन झाले नाही तर बाई वाचणार नाही.

आमच्या यादीत या गटाचे दोघेच. एकाला कावीळ झालेली. दुसरे ओमप्रकाश मास्तर, ते सायकलवरून बाही वर करूनच आले. पण त्यांनी महिन्यापूर्वीच रक्त दिले होते. तीन महिने झाल्याशिवाय मी सख्ख्या भावाचेही घेत नाही. मास्तर माझ्याशी भांडून परत गेले.

साडेनऊला गोपिकाबाईंच्या गावाहून अकरा माणसे रक्त द्यायला आली. पैकी लहानू नावाचा दांडगा गडी सुई नुसती पाहूनच आडवा झाला. विचारपूस केली तेव्हा कळले की अकराही जण उपाशी आहेत. दान उपाशीपोटी करायचे असते, असे गावात ठरवून सगळे निघाले होते. मी सगळ्यांचे गट तपासले आणि समोरच्या टपरीवर पोहे खायला पिटाळले. फिर्यादी नानाजी भोयर हेही त्यांत होते. त्यांनी दोन प्लेटी खाल्ल्या, हे मी खिडकीतून पाहिले.

अकरांत ओ निगेटिव्ह एकच निघाले. गोपिकाबाईंचे सासरे चंपतराव भोयर, वय ५७, म्हणजे फिर्यादींचे मोठे भाऊ. ते पोहे खायला गेले नाहीत. सून डोळे उघडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली होती. आदल्या दुपारपासून ते पाण्यावर होते. अशा माणसाचे रक्त घेणार नाही, असे मी सांगितले.

ते म्हणाले, "रक्त माह्यं हाये, तू घे ना! काहून अडून राहिली?"

मी म्हटले, "बाबाजी, तुम्हीच टेबलावर आडवे झाले तर तुमच्यासाठी बाटली कुठून आणू?"

"शपथ मोडली अन् पोरगी गेली, तर मी कोणाले तोंड दाखवू?" असे म्हणून ते रडू लागले. मलाही भरून आले होते, पण घड्याळात साडेदहा वाजले होते.

तेव्हा ते उठून जाऊ नयेत म्हणून मी दार आतून बंद केले, हे खरे आहे. किल्ली खिशात टाकली, हेही खरे आहे. धमकी दिली नाही. एवढेच म्हटले, "उपाशी माणसाचं रक्त सुनेले देलं, तर तिच्या अंगात उपासच जाईन. मग पोरगी डोये कशी उघडीन?" हे कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात नाही. नोकरीत इतके धडधडीत खोटे मी कधी बोलले नव्हते. त्याला एखादे कलम असेल तर ते खुशाल लावावे.

चंपतरावांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "काय हाये तुह्या डब्यात?"

डब्यात भाकरी आणि वांग्याचे भरीत होते. "कोणाच्याही हातचे खाऊ घातले" असे फिर्यादीत लिहिले आहे. डबा माझा होता आणि भाकऱ्या माझ्या हातच्या होत्या. माझे नाव-आडनाव रक्तपेढीच्या दारावर मोठ्या अक्षरांत आहे. चंपतरावांना वाचता येते. ते दोन भाकरी जेवले. यावर मला अधिक काही सांगायचे नाही.

नंतर अर्धा तास त्यांना पडून राहायला लावले. रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात टाकून पाहिला, तो नीट तळाला गेला, म्हणजे रक्त पुरेसे दाट होते. बाराच्या आत बाटली भरली, आणि सुनेच्या रक्ताशी जुळवून पावणेएकला ऑपरेशनसाठी वर पाठवली. दार उघडले तेव्हा फिर्यादी बाहेर बाकावरच बसलेले होते. आत काय जेवण झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मला हात जोडले.

साडेचारला गोपिकाबाई शुद्धीवर आल्या. मी, चंपतराव आणि फिर्यादी खाटेजवळ होतो. बाईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारले, "मामाजी जेवले काय?"

चंपतराव सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जेवलो वं माय. या शामलाबाईच्या डब्यातलं जेवलो. भरीत तुह्यापेक्षा चांगलं करते."

फिर्यादी त्याच पावली वॉर्डातून निघून गेले. दार मी साडेदहाला बंद केले होते. फिर्याद पाच वाजून दहा मिनिटांनी नोंदलेली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला असून बरोबर आहे, म्हणून खाली सही केली.