पूंगुडीला थांबा नाही

तांबरम स्टेशनवर आरक्षणाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्यापुढे गळ्यात ओळखपत्र घातलेला, कुशल नावाचा तरुण फोनवर मराठीत बोलला आणि त्यांच्या तावडीत सापडला.

"मी तुळजाजी, तंजावरकडचा. तंबी, बाळा, तू रेल्वेतला?"

"नाही काका, कंपनीतला. पण तुमच्याकडची ती बारा वर्षं बंद असलेली लाइन परत सुरू होतेय ना, तिचं वेळापत्रक आमच्याच टीमने केलंय."

"सेरी, बरं. मग पूंगुडीला गाडी किती वाजता? माझी अक्का असते तिथं. तीन बस बदलून जायला आता गुडघे ऐकत नाहीत."

"पूंगुडीला थांबा नाही. तिथं प्रवासीच नाहीत."

"कुणी मोजले?"

"सॉफ्टवेअरने. गेल्या दहा वर्षांत तिथून एकही तिकीट विकलं गेलं नाही."

"गाडी नव्हती की रे."

"ते कारण झालं. आकडा शून्यच आहे."

"पुढच्या स्टेशनाचा?"

"शून्य."

"त्याच्या पुढच्या?"

"सगळीकडे शून्य, काका. म्हणून तर नॉनस्टॉप ठेवता आली. प्रेझेंटेशनला टाळ्या पडल्या."

"हुशार आहेस. पूंगुडीवरून जाईल तरी ना?"

"जाणार की. एकशे दहाच्या वेगाने."

"मग शेवटपर्यंतचं तिकीट काढतो. अक्काला सांगतो, फाटकाशी उभी राहा, मी खिडकीतून हात हलवतो."

"त्या वेगात दिसणार नाही हो."

"मग आदल्या स्टेशनापासूनच हलवत येतो. मध्ये मला हसायला माणसं नाहीतच म्हणतोस ना."