एप्रिलची छाटणी

मी तासगावकडची. चौथीनंतर शाळा सुटली आणि द्राक्षबागेत गेले, विरळणीला, म्हणजे घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, ते बायकांचं काम. छाटणी मात्र गडीमाणसांची. मी खाली पडलेल्या काड्या गोळा करायची आणि वर बघत राहायची, कात्री कुठं लागते, काडीवर किती डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवतात, ते सगळं बघून बघूनच शिकले.

आमचे हे जत भागातले, ट्रकवर ड्रायव्हर. द्राक्षाच्या पेट्या वाहायचे. एजंट म्हणाला मस्कतला जोडपं पाहिजे, बाई स्वयंपाकाला, माणूस गाडी चालवायला, पण त्याला द्राक्षाचं कळलं पाहिजे. हे लगेच म्हणाले, द्राक्षातच तर आयुष्य गेलं. खरं कळायचं ते मला, पण मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. पोरीला आईकडं ठेवलं आणि आलो, नव्वदच्या पुढची गोष्ट.

मस्कतजवळ अल अमेरातला अर्बाबचं, म्हणजे मालकाचं घर, चारी बाजूंनी उघडे डोंगर, मागं मांडवावर आठ वेली. अर्बाबची आई, तिला आम्ही अम्मा म्हणायचो, ती वरच्या थंड डोंगरातली, माहेरच्या वेलींच्या काड्या तिनं इथं आणून लावलेल्या. तीन वर्षं झाली, एक घड नाही. अर्बाब म्हणाला, येत्या उन्हाळ्यात अम्माला घरची द्राक्षं मिळाली तर ह्याला माळी म्हणून ठेवीन, नाहीतर वेली काढून गाड्यांना शेड करीन. ड्रायव्हर मला गाल्याच्या कामगार वस्तीत कितीही मिळतात. म्हणजे स्वयंपाकाला मला ठेवणार आणि ह्यांना परत पाठवणार. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सकाळी मी कांदा चिरत असले की हे हळूच विचारायचे, अगं, आज वेलींचं काय सांगू? मी सांगायची, हे बाहेर जाऊन अम्माला मोठ्या आवाजात तेच सांगायचे. काय सांगू तुम्हाला, कधी कधी मला हसू यायचं. एप्रिल लागला तशी मी म्हटलं, आता खरड छाटणी करा. आमच्याकडं एप्रिलात वेल पार बोडका करतात, मग नव्या फुटीला ऊन लागतं आणि पुढच्या वर्षाचा घड काडीत तयार होतो. अम्मा खुर्चीवरून ओरडली, ला, ला, नाही, नाही, आमच्या डोंगरात थंडीत पानं गळली की कापतात, या दिवसांत कोण कापतं? हे म्हणाले, अम्मा, इंडियात असंच, आणि आठही वेली कापल्या.

फूट आली, कोवळी, लुसलुशीत. आणि मे महिन्यात वाळवंटातला गरम वारा सुटला. चार दिवस. भट्टीचं दार उघडल्यागत. मी पोळ्या टाकून खिडकीशी जायची, परत यायची, परत जायची. फूट करपली, उघडी खोडं तडकली, आठातल्या सहा वेली गेल्या.

अर्बाब म्हणाला, कुणी सांगितलं होतं कापायला? ह्यांनी माझं नाव घेतलं नाही. अर्बाब म्हणाला, खलास, बॅग भर.

मी कणकेच्या हातानं बाहेर आले, डोक्यावरचा पदर ओढून घेतला, म्हटलं, मी सांगितलं, ह्यांना द्राक्षातलं काही येत नाही. तर अर्बाब जास्तच भडकला, म्हणजे हा खोटं बोलून आला! अम्मानं मला जवळ बोलावलं, म्हणाली, माझं का नाही ऐकलंस? माझं अरबी स्वयंपाकघरातलं, त्यात जमेल तसं म्हटलं, अम्मा, तुमच्याकडं थंडी पडते, इथं पडत नाही, म्हणून वाटलं हे आमच्यासारखंच असेल. आणि वारा? ती म्हणाली. म्हटलं, असला वारा मी बघितला नव्हता. ती मुलाकडं वळली, दोन वेली राहिल्यात, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोघं राहतील.

मग मी खोडांना ओली गोणपाटं गुंडाळली, पहाटे पाणी दिलं, खोडांवर सावली राहावी म्हणून उन्हाळाभर एक पान तोडू दिलं नाही. जानेवारीत पानं पिवळी पडली पण गळेनात, ती हातानं काढली, म्हणजे वेलीला वाटावं थंडी पडली, आणि पहिल्यांदा कात्री मी धरली. हे शिडी धरून. मे लागता लागता सात घड. पिकू द्यावेत तर वारा येणार, काढावेत तर आंबट. अम्मा म्हणायची थांब, हे म्हणायचे काढ. एका सकाळी हवा तापलेली वाटली, मी सगळे काढले. दुपारी वारा सुटला.

अर्बाबनं एक मणी तोंडात टाकला, डोळे बारीक केले. अम्मानं अख्खा घड संपवला. अर्बाब ह्यांना म्हणाला, यल्ला, चल ड्रायव्हर, गाडी काढ. तेव्हापासून ह्यांना कुणी माळी म्हटलं नाही, आणि घरी जा असंही म्हटलं नाही.

अम्मा जाऊन आता पाच वर्षं झाली. देव तिला सुखात ठेवो. पोरीचं लग्न झालं. आम्ही अजून इथंच. यंदा जानेवारी संपत आला तरी थंडी नाही, पानं हिरवीगार, वेलीला काय करावं कळत नाही आणि मलाही. हे म्हणतात अजून आठ दिवस थांब. ह्यांना काय कळतंय. आज सकाळीच मी पानं काढायला घेतली.