कलम चौदा आणि आम्ही दोघं

...अहो, माणसं दोन आणि बैठका सहा! एकाच वेळी, सहा खोल्यांत, चार मजल्यांवर! आता तुम्हीच सांगा, माणसानं स्वतःचे तुकडे करून वाटायचे का? तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या देशाचं शिष्टमंडळ म्हणजे आमच्या राजदूतबाई आणि मी. संपलं! बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या, आमचं निम्मं मंत्रिमंडळ त्यांच्या छड्या खाऊन मोठं झालंय; आणि मी म्हणजे त्यांचा सचिव, दुभाषी, ड्रायव्हर, आणि चपलेचा अंगठा तुटला तर चांभारसुद्धा. मोठ्या देशांची नव्वद-नव्वद माणसं! एकाकडे तर नुसतं दार उघडून धरायला माणूस... मी त्यालाच मंत्री समजून हात जोडले, तर तो बिचारा मागे वळून बघायला लागला, कोण आलंय म्हणून! आणि त्या जागतिक समुद्र-परिषदेत वाटलेल्या नकाशात आमचा देश कुठे होता ठाऊक आहे? स्टेपलरच्या पिनेखाली! पण आमचं मत म्हणे फार मोलाचं!

हो ना, मोलाचंच! कारण अध्यक्षपदाला दोन बलाढ्य देश उभे, मतं निम्मी-निम्मी, आणि दोघांचे प्रतिनिधी, एक उंच साहेब, एक गोल साहेब, आमच्या मागे हात धुऊन लागलेले. लिफ्टमध्ये शिरलो की उंच साहेब, "आपला इवलासा सुंदर देश! काय तो समुद्र! मला नेहमी यायचं असतं हो..." लिफ्टबाहेर पडलो की गोल साहेब, खांद्यावर हात टाकून, "लहान-मोठं आम्ही मानतच नाही, तुम्ही आम्हाला भावासारखे!" भावासारखे म्हणायच्या आधी माझ्या छातीवरचा बिल्ला वाचून घेतला, कुठला भाऊ ते बघायला!

आता आम्हाला हवं होतं काय? एक वाक्य! नव्या करारातलं कलम चौदा: 'जमीन बुडाली तरी देशाची समुद्रातली हद्द कायम राहील.' बस्स! कारण आमची जमीन खरंच बुडतेय हो. आमच्या धाकट्या बेटावर माझी ताई राहते, तिच्या अंगणातल्या विहिरीत समुद्र शिरलाय, प्यायचं पाणी पंधरा दिवसांनी जहाजानं येतं. उद्या बेटच गेलं तर भोवतालचा समुद्र कोणाचा? मासे कोणाचे? "जो मोठी बोट घेऊन येईल त्याचे!" असं गोल साहेबांचा वकील चहा पिता पिता हसत म्हणाला होता. म्हणून ते वाक्य. दोघांनीही शब्द दिला. उंच साहेबांनी तर दोन्ही हातांनी हात दाबला. बाईंनी त्यांना मत टाकलं आणि ते निवडून आले... किती मतांनी? एका! म्हणजे आमचं मत मोलाचं होतं हो... त्या दुपारपुरतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदावं कलम गायब! सहाही खोल्या पालथ्या घातल्या, जिने चढून-उतरून माझा जीव मेटाकुटीला आला, आणि शेवटी सापडलं कुठे? तळघरात, झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या खोलीत! दारावर कागद, 'मित्रांची अनौपचारिक चर्चा'. आत बारा मोठे देश. आम्हाला बघून उंच साहेब उठले, "अरे वा, तुम्हालाच शोधत होतो!" कुठे, तळघरात? खुर्ची नव्हतीच, मी झेरॉक्सच्या कागदांचं खोकं ओढलं, बाई त्यावर बसल्या, ताठ. मसुदा उघडला तर काय, 'कायम राहील' खोडून तिथे 'कायम राहावी, अशी सदिच्छा'! सदिच्छा!! अहो, सदिच्छा वाढदिवसाच्या कार्डावर लिहितात, कायद्यात नव्हे!

बाईंनी लाल पेन काढलं. "हे क्रियापद कोणी बदललं?" अगदी वर्गात विचारावं तसं. बारा देश टेबलाकडे बघायला लागले. "एकमतानं व्हायचंय ना सगळं? मग मी सही करणार नाही."

आणि मग काय सांगू... वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे उंच आणि गोल खुर्च्या सरकवून शेजारी-शेजारी बसले! उंच साहेब अगदी मऊ आवाजात, आजाऱ्याची चौकशी करावी तसे, "बाई, तुमच्या धाकट्या बेटाला पाणी नेतं ते जहाज आमचंच ना? त्याचं वेळापत्रक जरा... बघावं लागेल." लगेच गोल साहेब, "आमची जहाजं तर सगळी दुरुस्तीला!" आवाज चढला नाही, टेबल आपटलं नाही, काही नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या ताईकडे किती दिवसांचं पाणी आहे रे?"

मी म्हटलं, "नऊ."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि उंच साहेबांनी पुढे केलेल्या पेननं सही केली.

संध्याकाळी मोठ्या सभागृहात लहान देशांना तीन-तीन मिनिटं. बाई बोलल्या, काय बोलल्या! सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात, उंच साहेबांनी तर डोळे टिपले. अहो, पाणी आम्हाला विहिरीत हवंय, तुमच्या डोळ्यांत घेऊन काय करू? आणि अध्यक्ष म्हणून म्हणाले काय, "लहान देशांचं मत आम्हाला फार मोलाचं!"

परत आलो. चार महिन्यांत ताईचं अंगण गेलं, मग स्वयंपाकघराची भिंत गेली, आणि सरकारनं, म्हणजे आमच्याच सरकारनं हो, ठरवलं की धाकटं बेट रिकामं करायचं. माणसं एकतीस. ठेवायची कुठे? विमानतळाच्या मागे, किनाऱ्यापासून लांब. ताई म्हणाली, "अरे, आम्ही मासे धरणारी माणसं, धावपट्टीवर जाळं टाकायचं का?" मग तिला मंत्रालयात रीतसर बोलावलं, बेटाची बाजू मांडायला. मंत्री उठून म्हणाले, "बेटाचं मत आम्हाला फार मोलाचं!" आणि दिली दोन मिनिटं. वेळ बघायला मी. ताई पूर्ण वेळ माझ्याकडेच बघून बोलली हो... आणि एक मिनिट बावन्न सेकंदांत थांबली, मला टोकावं लागू नये म्हणून. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मंत्री म्हणाले, "नक्की विचार करू."

विचार कसला डोंबलाचा! विमानतळामागच्या जागेचा आदेश सकाळीच टाइप होऊन सहीला गेला होता. कोणी टाइप केला ते विचारू नका... आमच्या खात्यात टायपिंग येणारा माणूस एकच आहे, आणि तो मघापासून तुमच्यापुढे बडबडतोय.