बावीस पापं आणि एक कडुलिंब

मंडळी, माझी थोरली लेक सुवार्ता हिचं लग्न झालं, ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. वैशाख महिना. त्या लग्नात भोंगा आणला होता म्हणून साल सांगतो. भोंगा दोन दिवसांच्या बोलीनं आणला आणि लग्न एका दिवसात उरकलं! एक दिवस भोंगा शिल्लक. आता शिल्लक भोंगा दिसला, की कीर्तनकाराचं काय होतं ते तुम्ही जाणता.

पण आधी माझा प्रश्न. शेजाऱ्याला येशू सांगायचा, तर सुरुवात कुठून करायची? गाण्यापासून? शास्त्रापासून? मागच्या मंडळींनो, नुसत्या माना हलवू नका, उत्तर द्या! — नाही ना येत? मलाही येत नव्हतं. ऐका मग.

माझा थोरला भाऊ शांतवन. आमचं शेत बोरखडीच्या शिवारात, ओढ्याच्या अलीकडं. शेजारचं शेत म्हातारदेवाचं. नाव म्हातारदेव, पण दोघं एकाच वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. त्या साली म्हातारदेवाला दम्यानं धरलं होतं. वीस पावलं चालला की बसायचा. आणि शांतवनाच्या जिवाला एकच घोर — हा माणूस जाईल, आणि माझा प्रभू त्याला कळलेलाच नसेल!

म्हणजे सांगत नव्हता असं नाही हं. बारा वर्षं सांगत होता! दुपारी भाकरीची वेळ झाली, की आमच्या शेतातल्या कडुलिंबाखाली बसून हाक मारायचा, "म्हातारदेवा, ये! माझ्या सावलीला ये!" तो यायचा. भाकर खायचा. शांतवन येशूचं सांगायचा, आणि हा म्हणायचा, "हूं." बारा वर्षं "हूं"! म्हैस यापेक्षा जास्त बोलते.

तर, भोंगा शिल्लक. आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. मी आधी कसा होतो, प्रभूनं मला कसं बदललं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. शांतवन म्हणाला, "धाकट्या, उद्या मी साक्ष देतो. सगळी पापं सांगतो, एक ठेवत नाही. म्हातारदेवाच्या कानावर जाऊ दे."

मी तेव्हा नुकता लिहायला शिकलो होतो, पंचेचाळिसाव्या वर्षी. हौस दांडगी! तो सांगत गेला, मी उतरवत गेलो. तंबाखू. तमाशा. बापाला उलट बोललो. बायकोला, मार्थाला, थप्पड मारली. पंचांपुढं खोटं बोललो. अशी बावीस झाली. मी म्हणालो, "दादा, आठव अजून, कागद उरलाय." तो डोळे मिटून बसला. म्हणाला, "नाही रे. संपली."

भोंगा मी स्वतः चढून बांधला. तोंड म्हातारदेवाच्या घराकडं. चुकून नव्हे!

सगळ्या गावानं ऐकलं. बावीसच्या बावीस! सतराव्याला आमची वहिनी मार्थाबाई सभेतून उठून घरी गेली. सतरावं कुठलं, ते मी सांगणार नाही. वहिनी अजून आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं कडुलिंबाखाली. शांतवनाला दम निघेना.

"काल ऐकलंस का?"

"ऐकलं. माझ्या म्हशीनं पण ऐकलं. आज दूध कमी दिलं तिनं."

"मग? काय वाटलं?"

"बावीस मोजली मी."

"बरोबर. बावीसच."

"एक राहिलं, शांत्या."

"कुठलं रं?"

म्हातारदेवानं कांदा फोडला. भाकरीचा तुकडा मोडला. चावून गिळला. मग म्हणाला, "त्याच्यावरच बसलायस तू."

आता बघा मंडळी. तो कडुलिंब आमच्या आजाच्या काळी बांधावर होता. बरोबर मध्यावर. अर्धी सावली त्यांची, अर्धी आमची. आणि अठ्ठ्याहत्तर साली तो आमच्या शेतात सहा पावलं आत! झाड चालतं का? — नाही? नक्की ना? मग कोण चाललं? बांध चालला! आमच्या बापानं दर नांगरटीला तो वीतभर कोरला. बापामागं शांतवनानं. कुणी काही म्हणत नव्हतं, हाताला सवय झाली होती. शेतकरी मंडळी, खाली बघू नका. मी नावं घेत नाही.

आणि बारा वर्षं तो त्या माणसाला हाक मारत होता — "माझ्या सावलीला ये!"

शांतवन घरी आला. जेवला नाही. मार्थाबाई म्हणाली, "काय झालं?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मग उठा की. बावीस सांगितली ती सोपी होती. त्यातलं कुणाला काही परत द्यायचं नव्हतं. मला थप्पड परत देता का?"

वहिनी कीर्तन करत नाही, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं भाऊ कुदळ-फावडं घेऊन बांधावर. हो, मीपण. बाप माझाही तोच! वैशाखाचं ऊन, आठ दिवस काम. म्हातारदेव घोंगडी टाकून बघत बसलेला. ना मदत, ना शाबासकी. आठव्या दिवशी बांध कडुलिंबाशी जाऊन भिडला. मी फावडं टाकलं.

म्हातारदेव म्हणाला, "अजून दोन पावलं."

मी शांतवनाच्या कानाशी लागलो, "दादा, हा जास्तीचं मागतोय! बांध झाडाच्या मध्यावर होता. झाडाच्या अलीकडं सगळं आपलंच."

शांतवन म्हणाला, "फावडं उचल, धाकट्या."

दोन पावलं अलीकडं आलो. कडुलिंब सगळा म्हातारदेवाच्या शेतात गेला! आम्ही दोघं आमच्या शेतात उन्हात उभे. एक काडी नाही सावलीला. तेवढ्यात झाडाखालून हाक आली —

"शांत्या, ये! माझ्या सावलीला ये!"

शांतवन गेला. जाऊन बसला.

"दोन पावलं मी जास्तीची घेतली."

"ठाऊक आहे."

"मग दिलीस का रं?"

"तू मागितलीस."

म्हातारदेव धापा टाकत म्हणाला, "परत घे ती. बांध झाडाशीच बरा. धाकट्याला लाव कामाला." — म्हणजे मला! दोघांचा जुना हिशेब मिटला आणि दोन दिवस माती मी ओढली!

मग म्हणाला, "हां. आता सांग तुझ्या येशूचं. पहिल्यापासून."

शांतवन म्हणाला, "अरे, बारा वर्षं सांगतोय की!"

"बारा वर्षं मी सावलीला येत होतो."

मंडळी, त्यानंतर तीन वर्षं म्हातारदेवानं ऐकलं. "हूं" बंद झालं, प्रश्न सुरू झाले. असे अवघड, की शांतवन दर आठवड्याला पाळकसाहेबांचं डोकं खायचा. शेवटी दमा छातीत बसला, तेव्हा त्यानं बायकोला सांगितलं, "शांत्याला बोलवा." शांतवन उशाशी बसला, हात धरला, प्रार्थना केली. म्हातारदेवानं डोळे उघडले.

"शांत्या, तुझा प्रभू तिकडं बांध कोरत नाही ना?"

"नाही रे."

"मग जातो त्याच्याकडं."

तुम्ही विचाराल, त्याचा बाप्तिस्मा झाला का? नाही झाला. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत त्याचं नाव नाही. वही माणसांनी लिहिलेली आहे. माझ्यासारख्यांनी.

तो बावीस पापांचा कागद अजून माझ्यापाशी आहे. तेविसावं मी नंतर लिहिलं, आणि खाली नाव एकट्या शांतवनाचं नाही, माझंही घातलं. आता तुमचं! घरी जा, कागद घ्या, बावीस लिहा. येतील भराभर. मग ज्याला येशू सांगायचाय, त्याच्या दारात जा आणि विचारा — "बाबा, माझं काय राहिलं?" तो लगेच सांगेल. पाठ असतं त्याचं. ते आधी फेडा, आणि मग तोंड उघडा. म्हणा माझ्यामागं —

ओठांवरी होतं नाव, देवा,
आता हातांत ये, हातांत ये!

कडुलिंब अजून बांधावर आहे. म्हातारदेव एक्याऐंशी सालच्या आषाढात वारला. माझा भाऊ शांतवन दोन हजार तीन साली, नाताळाच्या दोन दिवस आधी वारला.