तुरटीची की तेलाची?

मंडळी, ऐका! एक सांगा मला — आपलं भलं करणारा माणूस आपल्याला का आवडत नाही? गोड बोलणारा आवडतो! माना हलवू नका, आख्यान ऐका.

एका गावात जालिंदरअण्णा खराटे होते. दूध संस्थेचे चेअरमन! त्यांची म्हैस सुंदरा — काळीभोर, तुकतुकीत. अण्णा स्वतः आठवड्यातून एकदा अंघोळ करायचे; सुंदरेला रोज, साबण लावून!

मार्गशीर्षात जनावरांच्या डॉक्टर आल्या, निलोफर मुजावर. म्हणाल्या, "अण्णा, घटसर्पाची लस टोचायची. तुरटीची आणू की तेलाची?"

अण्णा म्हणाले, "बाई, लस टोचताय की भजी तळताय?"

हसलात तुम्ही! पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लशीत मारलेले जंतू असतात. मेलेल्याला कोण भितं? अंगाला त्यांची दखलच नीट घेता येत नाही. म्हणून सोबतीला असं काही घालायचं, की अंग खडबडून जागं होईल. तुरटी घातली तर त्रास कमी, पण चार-सहा महिन्यांत जोर ओसरतो. तेल दाट, टोचायला जड, मानेवर गाठ येते — पण वर्षभर राखण!"

"गाठ?" अण्णा ताडकन उठले. "पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे! सुंदरेच्या मानेवर गाठ? छे! तुरटीचीच आणा. सगळ्या गावाला!"

बघा हं — म्हैस एकाची, निर्णय दोनशे जनावरांचा!

बाई म्हणाल्या, "आणते. पण पावसाआधी पुन्हा टोचायची. शब्द द्या."

"दिला!"

शब्द द्यायला अण्णांचं काय जातंय?

प्रदर्शन झालं. सुंदरेला बक्षीस मिळालं — उत्तेजनार्थ! तरी अण्णांनी वाजतगाजत मिरवणूक काढली. वैशाखात बाई पुन्हा दारात. अण्णा म्हणाले, "आता परत? जनावरांची काय चाळण करता? दोन दिवस दूध घटतं, संस्थेनं काय करायचं?" बाई तीनदा आल्या. तिसऱ्यांदा तर अण्णा घरात असून बाहेरगावी गेले!

आषाढात घटसर्प आला. गळा सुजायचा, श्वास घुरघुरायचा, आणि सकाळी चारा खाल्लेलं जनावर दुसरा दिवस बघायचं नाही. तीन दिवसांत अकरा गेली. बारावी सुंदरा. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. घुरघुर थांबली, तरी मान खाजवत राहिले. आता हसू नका. माणूस वाईट नव्हता हो! फक्त त्याला नको ते ऐकायचं नव्हतं.

दुपारी अण्णा सुन्न होऊन गल्लीतून चालले होते. गोदाक्काच्या गोठ्यापाशी थबकले. तिची एकुलती एक म्हैस मजेत रवंथ करत होती! मानेवर लिंबाएवढी गाठ. साऱ्या गल्लीनं त्या गाठीची टिंगल केली होती.

"गोदाक्का, हिला तेलाची टोचलीस?"

"व्हय. बाईंकडनं मागून घेतली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

गोदाक्का म्हणाली, "अण्णा, बाई तुम्हालाच सांगत हुत्या की! मी मागं हुबी राहून ऐकलं."

अण्णा तसेच दवाखान्यात गेले, खाली मान घालून म्हणाले, "बाई, चुकलो. उरलेली वाचवा."

बाईंनी पेटी उचलली. तापलेल्यांना औषध, धडधाकटांना लस. प्रत्येक जनावराची मान अण्णांनी स्वतः धरली. लाथा खाल्ल्या, लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. त्यानंतर आणखी दोन गेली, मग साथ थांबली.

झालं आख्यान. अण्णांना हसलात ना पोटभर? आता तुमच्याकडे येतो! गेल्या सोमवारी या गावात लस होती. जनावरं तीनशे चाळीस, आणली किती? एकशे दहा! बाकीची? "दूध घटेल" म्हणून गोठ्यात! यादी डॉक्टरांनी दिलीय मला — ही बघा, खिशात. त्या गोठ्यांचे मालक इथंच बसलेत, पुढच्या रांगेत, बुक्का लावून! नावं वाचू?

नाही वाचत. उद्या सकाळी आठला डॉक्टर पुन्हा येणार आहेत, शाळेमागं. म्हणा आता मोठ्यांदा — विठ्ठल विठ्ठल!

अरे — पुढची रांग गप्प का?