लाल बादली आणि मक्याचे दाणे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या डायव्हिंग क्लबच्या प्रमुख माननीय बेव्ह हॉलिस, व्यासपीठावर विराजमान झालेले समितीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आणि निम्म्या इनिसफेल गावाचे पाण्याखालचे गुरू श्री. मर्व्ह ट्रँटर, त्यांच्या सुविद्य पत्नी ग्लेनिस, आणि एक डोळा माझ्याकडे व दुसरा कोळंबीच्या ताटाकडे ठेवून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी कार्मेला स्पोटो. मागच्या रांगेतली मंडळी गोंधळलेली दिसतात, म्हणून सांगते, मी 'बादली'. आता पटली ओळख? या गावात माझं खरं नाव फक्त माझ्या आईला आणि पोस्टमनला ठाऊक आहे.

बेव्हनं काल फोनवर बजावलं, "कार्मेला, चार गोड शब्द बोल आणि खाली बस." मी उसाच्या फडात वाढलेली बाई. गोडाची मला काय वाण? तर सुरुवात गोडानंच करते. मर्व्ह यांच्याइतकी प्रवाळाच्या रीफची माहिती आपल्यात कोणालाच नाही, हे मी मनापासून म्हणते. त्यांच्याइतका मोठा आवाजही कोणाचा नाही.

आपल्या बोटीची प्रथा नव्या सभासदांना ठाऊक नसेल. बोटीवर जो ओकतो, त्याचं नाव लाल बादलीवर रंगवलं जातं आणि वार्षिक जेवणाला त्याला त्याच बादलीतून बिअर प्यावी लागते. दुसरा कोणी ओकला की आधीचं नाव खरवडून त्याचं लिहितात. प्रथा मर्व्ह यांनीच सुरू केली. मी शिकायला आले तेव्हा पहिल्याच फेरीला, बोट नदीच्या मुखातून बाहेर पडते न पडते तोच मी ओकले. मर्व्ह यांनी ब्रश काढला. तेव्हापासून ते नाव काही खरवडलं गेलं नाही. नंतर कोणी ओकलंच नाही का? भरपूर ओकले. पण मर्व्ह म्हणायचे, "शोभतं ते कार्मेलालाच." माझ्या लग्नातही त्यांनी ती बादली फुलं भरून आणली होती. ग्लेनिस, फुलं छान होती, ती तुम्ही निवडली होतीत, मला माहीत आहे.

आता जिला समुद्र लागतो तिनं काय करावं? मर्व्ह शिकवायचे, "खरा डायव्हर ओकत नाही. आलंच तर तोंडातला हवेचा रेग्युलेटर काढ, मोकळी हो, पुन्हा तोंडात घाल." ऐकायला किती सोपं. मला मात्र दर फेरीला ओकायचंच असायचं, त्यामुळे मी माझी रीत बसवली. आदल्या रात्री गोळी. सकाळी कोरडा टोस्ट आणि आल्याचा चहा, दुसरं काही नाही. बोटीवर पिशवीत डोकं घालून सामान शोधत बसायचं नाही, नजर क्षितिजावर. पाण्यात सर्वांच्या आधी उतरायचं, कारण लाटांवर तरंगत राहिलं की जास्त मळमळतं, खाली गेलं की निवतं. आणि खाली आलीच उलटी, तर रेग्युलेटर काढायचा नाही. तळहातानं तोंडावर गच्च दाबून धरायचा, त्याच्यातूनच ओकायचं, त्याचं हवेचं बटण दाबून साफ करायचा आणि मग श्वास घ्यायचा. कारण ओकल्यावर माणूस पहिलं काय करतो? हवा ओढतो. रेग्युलेटर हातात असेल तर काय ओढेल, सांगा बरं.

आता त्या दिवसाकडे येते. तो दिवस आपल्या सर्वांना पाठ आहे. आज संध्याकाळीही दोन वक्त्यांनी तो रंगवून सांगितला. वारा आग्नेयेचा, लाटा उंच. पाण्याखाली कार्मेला ओकली, घाबरली, आणि मर्व्ह यांनी जिवावर उदार होऊन तिला वर आणलं. त्याबद्दल त्यांना मिळालेली पितळी पाटी त्या भिंतीवर आहे. त्याबद्दलच माझी प्रशिक्षकाची परीक्षा समितीनं रद्द केली, "ही दुसऱ्यांना काय सांभाळणार?" म्हणून. मला क्लबच्या दुकानात बसवलं. तिथं मी लोकांच्या मापाचे डायव्हिंगचे सूट शोधून दिले आणि पोरं दारातून "बादलीबाई, टाकी भरा" म्हणून ओरडत राहिली. माझं वय निघून गेलं त्यात.

मी त्याच दिवशी खरं काय ते सांगितलं होतं. बेव्ह, तुम्ही होतात समितीत. तुम्ही माझ्या सूटच्या बाहीकडे बोट दाखवलंत. बाहीला ओकारी होती, अडल्यानडल्या जोडीदारासाठी जवळ असतो त्या माझ्या दुसऱ्या रेग्युलेटरलाही होती. "मग ही कुणाची?" म्हणालात. मी म्हटलं, मर्व्ह यांची. आणि सगळे हसले.

काय म्हणालात, मर्व्ह? "आवर, बादली"? आवरतेच आता. फक्त एक प्रश्न, तोही तुम्हाला नाही. डॉन, तू आहेस ना तिथं? आपल्या बोटीवर सगळ्यांची न्याहारी बनवणारी डॉन. उभी राहा जरा. त्या दिवशी न्याहारीला काय केलं होतंस?

मक्याचे दाणे घातलेली धिरडी. बरोबर. कोणी खाल्ली?

मोठ्यानं बोल, मागं ऐकू जात नाही. ती म्हणते, "मर्व्हनं. दोनदा मागून घेतली. बाकी कुणाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं." आणि मी काय खाल्लं होतं? "कोरडा टोस्ट. नेहमीसारखा." हे तेव्हा का नाही सांगितलंस, डॉन? "मला कोणी विचारलंच नाही."

आभारी आहे, बस.

त्या संध्याकाळी मी माझा दुसरा रेग्युलेटर उघडून धुतला. आत मक्याचे दाणे होते.

मर्व्ह, आता तुम्हीबिम्ही पुरे. तू तिथं खाली रेग्युलेटर काढलास, स्वतःच शिकवतोस तसा. पहिली उलटी माझ्या बाहीवर केलीस आणि पाणी ओढलंस. तुझे डोळे मी अजून विसरले नाही. माझा दुसरा रेग्युलेटर मी तुझ्या तोंडात कोंबला, वरून तळहात दाबून धरला, तू त्याच्यात आणखी ओकलास, मी बटण दाबत राहिले. पट्ट्यापट्ट्यांचे मासे जमले होते, त्यांची मेजवानी झाली. नांगराच्या दोराला धरून तुला हळूहळू वर आणलं. डेकवर टेकलास, दम घेतलास, आणि पहिलं वाक्य बोललास, "पोरगी घाबरली." मला वाटलं होतं, तू आभार मानशील.

समिती आज नव्या सराव-तलावाला मर्व्हचं नाव दिल्याचं जाहीर करणार आहे. माझी हरकत नाही, मात्र त्या तलावात पोरांना 'रेग्युलेटर काढ' हे कोणी शिकवणार नाही. तिथं मी शिकवणार, माझ्या रीतीनं. माझी परीक्षा घ्या, उद्या घ्या, मी तयार आहे. आणि ती पितळी पाटी उतरवताना भिंतीचा रंग जपा.

एक भेट आणली आहे. टेबलाखाली आहे. हो, तीच. माझं नाव काल मी खरवडलं. नवं नाव कुणाचं आहे ते पुढच्या रांगेला दिसतंच आहे. प्रथा तुझीच आहे, मर्व्ह, आम्ही फक्त पाळतो.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, खरं बोलल्याबद्दल डॉनचे आणि इतकं शांतपणे ऐकल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचं नाव राहून गेलं असेल किंवा मान देण्यात कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी. बाकी कशाचीही क्षमा मी मागत नाही.

आता सर्वांनी उभं राहून पेले उचलावेत. मर्व्ह, तू बादली उचल. कडेला हात लावू नकोस, रंग अजून ओला आहे.